स्वतःच्या आवाजापर्यंत: तमिळ चित्रपटातील एका मराठी सहकलाकाराचा अनुभव

तमिळ चित्रपटात बाहेरून आलेल्या सहकलाकाराचा चेहरा त्याचा स्वतःचा असतो आणि आवाज बहुधा दुसऱ्या कुणाचा असतो. तिथल्या प्रेक्षकांना याची इतकी सवय आहे की त्यांना त्यात काही वावगे वाटत नाही, पण ज्याचा आवाज बदललेला असतो त्या नटाला आपली निम्मी भूमिका पडद्यावर पोहोचलीच नाही, ही जाणीव प्रत्येक चित्रपटागणिक होत राहते. सांगलीच्या हौशी रंगभूमीवर आणि पुढे मुंबईच्या व्यावसायिक नाटकांत कामे करून मी चेन्नईला गेलो, तेव्हा माझ्याजवळ भांडवल म्हणावे असे जे काही होते ते म्हणजे आवाज आणि शब्द फेकण्याची रीत. नेमके तेच तिथे पहिल्या दिवसापासून बाजूला ठेवावे लागले. ते परत मिळवण्यासाठी काय करावे लागले आणि त्या खटपटीत सहकलाकाराचे काम म्हणजे नक्की काय हे कसे उलगडत गेले, ते सविस्तर लिहावे असे बरेच दिवस मनात होते.

माझ्यासारख्यांना चेन्नईची वाट दिसली ती २००० साली. त्या वर्षी 'हे राम' आणि 'भारती' हे दोन चित्रपट प्रदर्शित झाले. 'हे राम' तमिळ आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत तयार झाला होता आणि त्यातील श्रीराम अभ्यंकर या भूमिकेसाठी अतुल कुलकर्णी यांना सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. 'भारती'मध्ये तर महाकवी सुब्रह्मण्य भारती यांची मध्यवर्ती भूमिकाच साताऱ्याकडच्या सयाजी शिंदे यांनी केली, आणि त्या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट तमिळ चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तमिळ माणसाच्या मनात भारतींचे स्थान काय आहे हे तिथे राहिल्याशिवाय पुरते कळत नाही. त्या कवीची पगडी आणि मिशा एका मराठी नटाच्या चेहऱ्यावर चढवण्याचा निर्णय ज्यांनी घेतला, त्यांच्या धैर्याचे मला आजही मनापासून कौतुक वाटते. पुढे सचिन खेडेकर 'दैव तिरुमगळ'मध्ये आणि नाना पाटेकर 'काला'मध्ये दिसले, तोवर ही वाट चांगलीच मळलेली होती.

माझी निवड मात्र अभिनय पाहून झाली नव्हती. मुंबईतील एका कोऑर्डिनेटरकडे माझी छायाचित्रे होती आणि चेन्नईतील एका निर्मिती व्यवस्थापकाला उंच, रुंद खांद्यांचा, उत्तरेकडचा वाटेल असा पोलीस अधिकारी हवा होता. लूक टेस्टसाठी बोलावणे आले, केस बारीक कापले गेले, गणवेश चढवला गेला, समोरून आणि दोन्ही बाजूंनी छायाचित्रे घेतली गेली आणि काम ठरले. संहितेतला एक शब्दही कुणी वाचून घेतला नाही. तमिळमध्ये परभाषिक नटाच्या वाट्याला येणाऱ्या भूमिका साधारण ठरलेल्या असतात: दिल्लीहून आलेला अधिकारी, व्याजाने पैसे देणारा सेठ, मुंबईचा गुंड, भ्रष्ट मंत्री. ही माणसे कथेत बाहेरून येतात, नायकाला आव्हान देतात आणि शेवटी हरतात. त्यांच्या बोलण्याकडे कुणी बारकाईने कान देत नाही असे निर्मात्यांनी गृहीत धरलेले असते, म्हणून त्यांचा आवाज कुणाचा आहे हा प्रश्नही कुणाला पडत नाही.

तमिळमध्ये बहुतेक चित्रपटांचे चित्रीकरण चालू असताना जो आवाज नोंदवला जातो तो केवळ संदर्भासाठी असतो आणि अंतिम आवाज नंतर डबिंगच्या वेळी दिला जातो. त्यामुळे सेटवर प्रॉम्प्टिंगची मुभा असते. कॅमेऱ्याच्या शेजारी बसलेला सहायक दिग्दर्शक खणखणीत आवाजात वाक्य वाचतो आणि नट त्याच्यामागोमाग ते म्हणतो. मराठी नाटकात विंगेतून प्रॉम्प्टरने शब्द पुरवणे हा अडीअडचणीचा उपाय मानला जातो, तर इथे ती रोजची पद्धत आहे. माझे संवाद मला सकाळी मेकअपच्या खुर्चीत मिळत. एक तरुण सहायक ते सावकाश वाचून दाखवी, मी ते देवनागरीत लिहून घेई आणि शॉट तयार होईपर्यंत घोकत राही. तेव्हा अजून निगेटिव्हवर काम चालत असे. ४०० फुटांचा रोल जेमतेम साडेचार मिनिटांत संपतो, आणि नायकाच्या प्रसंगात दुय्यम नटामुळे रीटेक झाला तर कुणी काही बोलत नाही, तरी कॅमेऱ्यामागची शांतता बदललेली लगेच जाणवते.

अशा परिस्थितीत नट काय करतो, तर तो अक्षरे सांभाळतो. वाक्य पार पडले की त्याला हायसे वाटते आणि समोरचा नट काय बोलला हे त्याच्या कानांपर्यंत पोहोचतच नाही. रंगभूमीवर आम्हाला पहिल्यांदा शिकवले जाते ते ऐकणे. समोरच्याचे वाक्य जणू आत्ताच, पहिल्यांदा कानावर पडले आहे अशा रीतीने ऐकावे आणि मगच बोलावे. तमिळ येत नसताना मी फक्त त्याचे ओठ थांबण्याची वाट पाहत होतो. चित्रपट पाहताना हे स्पष्ट दिसले. माझ्या तोंडून एक भरदार, रुबाबदार तमिळ आवाज येत होता, तो आवाज दृश्यात पुरेपूर गुंतलेला होता आणि माझे डोळे मात्र रिकामे होते. त्या आवाजाच्या मालकाला भेटावे असे तिथेच वाटले.

त्यांनी भेटायला लगेच होकार दिला आणि पुढच्या चित्रपटाच्या वेळी मला चेन्नईतील साळिग्रामम भागातल्या एका डबिंग थिएटरमध्ये आपल्याशेजारी बसू दिले. त्या खोलीने मला जे शिकवले ते कोणत्याही शिबिरात मिळाले नसते. भिंतींवर जाड अस्तर, समोर पडदा, स्टँडवर संहितेची पाने आणि कानामागे खोवलेली पेन्सिल. प्रसंगाचे छोटे छोटे तुकडे पाडलेले असतात. तुकडा सुरू होण्याआधी कानात तीन बारीक टोले वाजतात आणि चौथ्या टोल्याच्या जागी वाक्य सुरू व्हावे लागते. त्यांनी माझा एक तुकडा आवाज बंद करून पुन्हा पुन्हा पाहिला आणि कागदावर संवादाच्या मधे लहान उभ्या रेघा मारल्या. त्या माझ्या श्वासाच्या जागा होत्या. मग एका शब्दाखाली वर्तुळ काढून ते म्हणाले, "सर, इथे तुमचे ओठ मिटलेले दिसतात. ओठ मिटले की मला 'प', 'ब' किंवा 'म' द्यावाच लागतो. लेखकाच्या वाक्यात इथे तसे अक्षर नाही, म्हणून मी शब्द बदलणार." त्यांनी शब्द बदलला, दिग्दर्शकाच्या सहायकाने मान डोलावली आणि पडद्यावर ते वाक्य माझ्या ओठांवर चपखल बसले. ज्या जागी मी केवळ पुढचा शब्द आठवत थांबलो होतो, तिथे त्यांनी एक खोल श्वास घातला आणि तो थांबा विचारात पडलेल्या अधिकाऱ्याचा झाला.

तमिळ चित्रपटसृष्टीने या कलावंतांकडून किती घेतले आहे याची मोजदाद सहसा होत नाही. नायक म्हणून नावाजले जाण्याआधी विक्रम यांनी 'अमरावती'त अजित यांना आणि 'कादलन'मध्ये प्रभुदेवा यांना आवाज दिला होता. एम. एस. भास्कर हेही डबिंगमधून पुढे आलेले नट, आणि त्यांना 'पार्किंग'साठी सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मला आवाज देणाऱ्या त्या कलावंताविषयी माझ्या मनात कृतज्ञतेखेरीज दुसरी भावना नाही. त्यांचे काम हिरावून घ्यावे असा माझा हेतूच नव्हता. माझी भूमिका मला पुरती करायची होती आणि त्यासाठी तमिळ शिकण्यावाचून दुसरा मार्ग नव्हता.

के. के. नगरमध्ये राहणाऱ्या एका निवृत्त शिक्षिकेकडे मी जाऊ लागलो. त्या मला 'तंबी', म्हणजे धाकटा भाऊ, म्हणत आणि मी त्यांना 'टीचर अम्मा' म्हणे. पहिल्याच भेटीत त्यांनी माझी देवनागरीतली वही बंद करायला लावली. त्यांचे म्हणणे असे, की तमिळ लिपीत क, ख, ग, घ या चारही वर्णांसाठी एकच अक्षर असते आणि ते शब्दात कुठे येते त्यावर त्याचा उच्चार ठरतो. हा नियम एकदा जिभेवर बसला की कुठलेही छापील वाक्य वाचता येते, तर देवनागरीत लिहून घेतल्यास आयुष्यभर दुसऱ्याने उच्चारलेलेच लिहीत बसावे लागेल. ऱ्हस्व ए आणि ऱ्हस्व ओ हे स्वर आपल्या मराठी कानांना वेगळे म्हणून कळतच नाहीत, तमिळमध्ये मात्र त्यांच्यामुळे अर्थ पालटतो. ऱ्हस्व ओ घेऊन 'कॊडु' म्हटले तर 'दे' आणि दीर्घ ओ घेऊन 'कोडु' म्हटले तर 'रेघ'. मग आला ऴ. तो ळही नव्हे आणि रही नव्हे. जीभ मागे वळवून टाळूला न टेकवता काढायचा तो ध्वनी. केळीच्या सालीवरून घसरून पडलेल्या गरीब म्हाताऱ्याचे एक वाक्य तमिळ मुलांना लहानपणी म्हणायला लावतात, कारण त्यात हा ध्वनी पावलोपावली येतो. टीचर अम्मा स्वयंपाकघरात काम करत आणि मी बाहेरच्या खोलीत ते वाक्य म्हणत बसे. आतून "मरुपडियुम", म्हणजे पुन्हा, असा आवाज आला की पहिल्यापासून सुरुवात करायची.

वाचनासाठी त्यांनी मला 'दिनतंती' लावून दिला. सि. पा. आदित्तनार यांनी १९४२ मध्ये मदुराईत सुरू केलेले हे दैनिक सोप्या, बोलीला जवळच्या भाषेसाठी ओळखले जाते आणि अनेकांना त्यामुळे वाचनाची गोडी लागली असे तिथे सगळेच सांगतात. वडपळनीच्या चहाच्या टपरीवर उभ्याने वाचता वाचता मला तमिळची खरी अडचणही कळली. लिहिण्याची तमिळ आणि बोलण्याची तमिळ यांत मराठीतल्यापेक्षा फार मोठे अंतर आहे. लिहिलेली क्रियापदे बोलताना निम्मी होतात. चित्रपटाचा संवाद बोलीत असतो, आणि ती बोलीही एकच नसते. दिग्दर्शक भारतीराजा यांनी १९७७ मध्ये '१६ वयदिनिले' काढून तमिळ कॅमेरा स्टुडिओतून उचलून गावात नेला, आणि पुढे मदुराईची, कोइंबतूरकडच्या कोंगू मुलखाची, तिरुनेलवेलीची अशा बोली पडद्यावर आपापल्या ढंगात नांदू लागल्या. नायकाने प्रमाण बोलीत बोललेले चालते, पण गावचा चहावाला, तलाठी किंवा नायिकेचा मामा यांनी त्या मातीतले बोलले पाहिजे. म्हणजे भाषेचा सगळ्यात कडक हिशेब सहकलाकारालाच द्यावा लागतो.

या सगळ्यात एक मोठा आधार मात्र अनपेक्षितपणे मिळाला. तमिळ वाक्याची बांधणी मराठीला फार जवळची आहे. कर्ता आधी, क्रियापद शेवटी, आणि मनातला खरा भाव त्या शेवटच्या क्रियापदात साठलेला. त्यामुळे कुठे थांबायचे आणि कुठे शब्द दाबायचा, याबाबत रंगभूमीवर कमावलेली जाण जशीच्या तशी उपयोगी पडली. शिवाय ऐकणाऱ्याला धरून 'आपण' आणि त्याला वगळून 'आम्ही' असा जो भेद मराठीत आहे, तोच तमिळमध्ये 'नाम्' आणि 'नांगळ' असा आहे. एका प्रसंगात मी सावकार होतो आणि कर्जदाराच्या घरात बसून त्याच्या भावकीविषयी बोलत होतो. संवादात मधेच 'नांगळ' येत होते. समोरच्या माणसाला त्या एका शब्दाने मी आपल्यातून बाहेर काढतो आहे हे मला कुणी समजावून सांगावे लागले नाही. नजर आपोआप त्याच्यावरून उठून दाराकडे गेली. कट झाल्यावर दिग्दर्शकाने फक्त "अदु सरि", म्हणजे 'ते बरोबर', एवढेच म्हटले. तमिळमध्ये मी पहिल्यांदा अभिनय केला तो त्या शॉटमध्ये, असे मी मानतो.

त्याच काळात मी जुने चित्रपट निराळ्या नजरेने पाहू लागलो. नायकावर नजर न ठेवता त्याच्या बाजूला उभ्या असलेल्या माणसावर ठेवायची, असा नेम केला. 'तिल्लाना मोहनांबाळ' (१९६८) हा चित्रपट सहकलाकारांसाठी पाठ्यपुस्तकच आहे. शिवाजी गणेशन आणि पद्मिनी यांच्यासारखी जोडी समोर असताना तविल हे तालवाद्य वाजवणारे टी. एस. बालय्या, कारस्थानी वैद्दी झालेले नागेश आणि जिल् जिल् रमामणी झालेल्या मनोरमा यांच्यापैकी एकजणही नायकाच्या वाट्याचे काही ओढून घेत नाही, आणि तरीही ते ज्या क्षणी दिसतात तो क्षण त्यांचाच असतो. नागेश यांची घरची भाषा कन्नड होती. 'तिरुविळैयाडल'मध्ये (१९६५) त्यांनी केलेला दरिद्री कवी धरुमी आजही तमिळ माणसाला तोंडपाठ असतो. मनोरमा यांनी हजारावर चित्रपटांत कामे केली, आणि रंगभूमीवर व पडद्यावर त्यांनी ज्यांच्याबरोबर कामे केली त्यांतले पाचजण मुख्यमंत्री झाले. २०१५ मध्ये त्या गेल्या तेव्हा त्यांना 'आच्ची' म्हणून निरोप द्यायला जी गर्दी लोटली, ती पाहून सहकलाकाराला या समाजात काय मान आहे हे मला कळले. आपल्याकडे चरित्र अभिनेत्याचा चेहरा ओळखीचा असतो, पण नाव पटकन आठवत नाही. तमिळनाडूत मात्र लोक नाव घेऊन, नात्याने हाक मारतात.

या सगळ्यांत दिल्ली गणेश यांचे काम मी सर्वाधिक बारकाईने पाहिले. ते दहा वर्षे भारतीय वायुदलात होते, नाटके दिल्लीत केली आणि चित्रपटात आल्यावर दिग्दर्शक के. बालचंदर यांनी दिलेले 'दिल्ली' हे नाव त्यांना कायमचे चिकटले. 'मायकल मदन काम राजन'मध्ये (१९९०) त्यांनी पालक्काडच्या आचाऱ्याचे तमिळ ज्या हेलात बोलून दाखवले तो हेल, आणि त्याच्या एकच वर्ष आधीच्या 'अपूर्व सहोदरर्गळ'मधला त्यांचा थंड डोक्याचा खलनायक, हे लागोपाठ पाहिले की एकाच माणसाच्या गळ्यात किती माणसे राहू शकतात हे लक्षात येते. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये त्यांचे निधन झाले, तोवर चारशेहून अधिक चित्रपट त्यांच्या नावावर होते. भूमिका लहान आहे म्हणून त्यांनी ती उरकली आहे, असे मला त्यांच्या एकाही कामात दिसले नाही.

एका चित्रीकरणासाठी तंजावरला मुक्काम पडला तेव्हा मोकळ्या वेळात सरस्वती महाल ग्रंथालय पाहिले. व्यंकोजीराजांचे पुत्र शहाजीराजे यांनी १६८४ ते १७१२ या काळात तंजावरवर राज्य केले आणि त्यांच्या दरबारात मराठी नाटके लिहिली गेली. सांगलीत १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी केलेल्या प्रयोगाच्या गोष्टी ऐकत मी वाढलो, पण त्याच्याही सुमारे दीडशे वर्षे आधी कावेरीच्या काठी मराठी संवाद लिहिले जात होते, हे मला तिथे जाऊन कळले. संध्याकाळी सेटवर परतल्यावर तिथल्याच एका मराठी घराण्यातला, पिढ्यान्‌पिढ्या तमिळ बोलणारा जुना प्रॉडक्शन मॅनेजर माझ्याशी आपल्या घरच्या मराठीत बोलला. त्या मराठीचा हेल पुरा तमिळ होता आणि ती ऐकायला मला अतिशय गोड वाटली.

आवाजाचा प्रश्न केवळ कलेचा नाही, तो पोटाचाही आहे, आणि नव्याने जाणाऱ्यांनी हे नीट समजून घ्यावे असे मला वाटते. सहकलाकाराचे मानधन दिवसावर किंवा संपूर्ण चित्रपटावर ठरते, रोजचा बाटा, म्हणजे दैनिक भत्ता, वेगळा मिळतो, आणि राहिलेली रक्कम डबिंगच्या आधी चुकती करण्याची सर्वसाधारण रीत आहे. स्वतः डबिंग करणारा नट थिएटरमध्ये जाण्यापूर्वी उरलेल्या रकमेची आठवण करून देऊ शकतो, कारण त्याच्याशिवाय काम अडते. ज्याला आवाज दुसरा कुणी देतो त्याचे काम चित्रीकरणाच्या शेवटच्या दिवशी संपते, भोपळ्यावर कापूर पेटवून तो फोडला जातो, सगळे एकमेकांचा निरोप घेतात आणि त्यानंतर त्याच्या हातात काहीच उरत नाही. एका निर्मात्याने माझा शेवटचा हप्ता असाच बुडवला. चित्रपट प्रदर्शित झाला, चालला, वाहिनीवरही लागला. तमिळ नटांची संघटना, अर्थात नडिगर संगम, १९५२ पासून काम करते आणि तिच्याकडे दाद मागता येते, पण कागदावर काहीच लिहून घेतलेले नसेल तर दाद मागायची ती कशाच्या आधारावर? तेव्हापासून करारात डबिंगचा उल्लेख आणि हप्त्यांच्या तारखा लिहून घेतल्याशिवाय मी कामाला हात लावत नाही.

दिवसांचे नियोजनही असेच बाजूच्या माणसाला जपून करावे लागते. आधी नायकाच्या तारखा ठरतात, मग नायिकेच्या, आणि त्यानंतर आमचे 'कॉम्बिनेशन' प्रसंग, म्हणजे त्यांच्याबरोबरचे प्रसंग, कुठे बसतात ते पाहिले जाते. एका चित्रपटात दाढी असेल तर तो संपेपर्यंत दुसऱ्यातली गुळगुळीत चेहऱ्याची भूमिका सोडावी लागते. पहाटे पोहोचून सायंकाळपर्यंत एकही शॉट न देता परतण्याचे दिवस येतात. त्या दिवसांतही आपल्या प्रसंगाची ऊब शरीरात टिकवून धरणे हे कौशल्य आहे, आणि ते रंगभूमीवर मिळत नाही. सेटवरच ज्येष्ठांकडे पाहून ते शिकावे लागते. माझ्याबरोबर काम केलेले एक वयोवृद्ध सहकलाकार झाडाखाली खुर्ची टाकून डोळे मिटून बसत. ते झोपले आहेत असे सगळ्यांना वाटे, पण सहायकाने "अय्या, शॉट रेडी" म्हटले की ते उठत ते थेट त्या पात्राच्या चालीनेच. मृत्यूचा प्रसंग करून झाला की कट म्हणण्याआधी कॅमेऱ्याकडे पाहून हसायचे, हा तिथला संकेतही त्यांनीच मला सांगितला आणि पहिल्यांदा माझ्याकडून तो करून घेतला.

स्वतःच्या आवाजाची संधी आली ती एका तरुण दिग्दर्शकाच्या पहिल्या चित्रपटात. भूमिका होती तमिळनाडूत वीसेक वर्षे राहिलेल्या, गलाईचे काम करणाऱ्या महाराष्ट्रीय माणसाची. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर-आटपाडी भागातली अशी कितीतरी माणसे सोने-चांदी गाळण्याच्या व्यवसायासाठी दक्षिणेतल्या गावोगावी स्थायिक झालेली आहेत, त्यामुळे त्या माणसाचा शोध मला लांब घ्यावा लागला नाही. मी दिग्दर्शकाला म्हटले, की याचे तमिळ बिनचूक असता कामा नये. ते अस्खलित असावे, पण त्याखाली दुसरी भाषा वाजत राहावी, आणि असे बोलणे चेन्नईचा डबिंग कलाकार ठरवून करील तर ते नक्कल वाटेल. ते आधी साशंक होते. त्यांनी मला चाचणी द्यायला सांगितले, आणि मी पुन्हा साळिग्राममच्या त्याच थिएटरमध्ये उभा राहिलो, यावेळी काचेच्या आतल्या बाजूला.

पहिले काही तुकडे जमले नाहीत. ओठ जुळत होते, पण सेटवरचा जोर आवाजात उतरत नव्हता. सेटवर भट्टीची धग होती, हातात चिमटा होता, आणि इथे गार खोलीत स्टँडपुढे उभे राहून तोच श्वास आणायचा होता. मला पूर्वी आवाज देणारे ते कलावंत माझ्या विनंतीवरून आले होते. त्यांनी मला स्टँडवरचा कागद काढून टाकायला सांगितले आणि म्हणाले, "वाक्य तुम्हाला येतंय. आता समोरच्याचं ऐका." त्यांनी समोरच्या पात्राचा आवाज कानात मोठा करायला लावला. माझ्या वाक्याआधी मुलीचा बाप माझ्याकडे गहाण ठेवलेली चेन परत मागत होता. त्याचे ते वाक्य मी पूर्ण ऐकले, त्यातल्या लाजेसकट ऐकले, आणि माझे उत्तर आपोआप थोडे खालच्या पट्टीत, थोडे उशिरा आले. ओठांशी ते किंचित मागे पडत होते. ध्वनिमुद्रकाने ते संगणकावर सरकवून जुळवले. सबंध भूमिका मग त्याच रीतीने पूर्ण झाली.

त्यानंतर प्रत्येक चित्रपटात माझाच आवाज राहिला असे झालेले नाही. कोंगू मुलखातल्या जमीनदाराची एक भूमिका मी केली तेव्हा दिग्दर्शकाने माझे डबिंग ऐकले आणि तिथल्याच नटाकडून आवाज घेतला. तो निर्णय योग्य होता असे माझे मत आहे. त्या बोलीतला आदर आणि तिची संथ, ओढून घेतलेली लय माझ्यात तेवढी मुरलेली नव्हती, आणि कोइंबतूरच्या प्रेक्षकाने ती ऐकून तोंड वाकडे केले असते. आता मी भूमिका स्वीकारण्यापूर्वी पात्र कोणत्या गावचे हे आधी विचारतो, शक्य असेल तर त्या भागात काही दिवस राहून येतो, आणि आवाज कुणाचा असेल हे दिग्दर्शकाशी मोकळेपणाने बोलून घेतो. दुसऱ्या कुणाचा असणार असेल तर त्या कलावंताला चित्रीकरणाच्या आधी भेटतो, म्हणजे श्वासाच्या जागा आम्हा दोघांनाही ठाऊक असतात.

सध्या तिरुनेलवेलीच्या एका भात गिरणीमालकाच्या भूमिकेचे डबिंग चालू आहे. पाळैयंकोट्टैचे एक गृहस्थ रोज सकाळी फोनवर माझ्याकडून संवाद म्हणून घेतात आणि त्यांच्या भागातला हेल दुरुस्त करून देतात. घरातले आणि गिरणीतले प्रसंग दिग्दर्शकाने मान्य केले आहेत. बाजारातल्या भांडणाचा प्रसंग मात्र पुन्हा करायचा आहे, कारण आवाज चढला की माझा ऴ अजूनही ळ कडे झुकतो. टीचर अम्मांना मी तो तुकडा पाठवला होता. त्यांनी दोन शब्दांवर खूण करून परत पाठवला आहे, आणि सोमवारी मी थिएटरमध्ये जाईन ते ते दोन शब्द पक्के करूनच.